यूसीसी-१ आणि नावातलं एक अक्षर

ओकट्रीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत एका लहान कर्जसंस्थेत कागदपत्रांच्या टेबलावर बसतोय. धंद्याला दिलेल्या कर्जाचं तारण सरकारदरबारी नोंदवायचं, हे माझं काम. घर-जमीन सोडून जे तारण असतं (भट्टी, फ्रीज, दुकानातला माल, गिऱ्हाइकांकडून येणं) त्यावर आमचा हक्क आहे हे जगजाहीर करणारा फॉर्म म्हणजे यूसीसी-१ (यूसीसी म्हणजे इथला व्यापारी व्यवहारांचा कायदा, 'युनिफॉर्म कमर्शियल कोड'). परवा एका गणपतीच्या जेवणात एक गृहस्थ म्हणाले, "पाच मिनिटांचा ऑनलाइन फॉर्म तो, त्यात चुकण्यासारखं काय आहे?" तिथे तोंडात मोदक होता म्हणून गप्प बसलो. इथे सविस्तर लिहितो.

आधी माझीच चूक. २०१६ साली एका केटरिंगवाल्या कंपनीला ओव्हन आणि वॉक-इन कूलरसाठी कर्ज दिलं. कंपनीच्या नावाचा शेवटचा शब्द 'सर्व्हिसेस', मी टाइप केलं 'सर्व्हिस'. फॉर्म स्वीकारला गेला, नंबर पडला, पावती आली, मी फायलीला लावली. दीड वर्षाने त्याच कंपनीला दुसऱ्या संस्थेने कर्ज दिलं. त्यांनी आधी बरोबर नावाने शोध घेतला होता आणि आमचं फायलिंग त्यात आलंच नाही. त्यांनी आपलं नोंदवलं. पुढे धंदा बसला, सामान विकलं गेलं आणि रांगेत आम्ही दुसरे. आमच्या मॅनेजरबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पेनाचं टोक त्या न लिहिलेल्या अक्षराच्या जागी टेकवलं. एक शब्द बोलल्या नाहीत. ते टोक मला अजून दिसतं.

यातली मेख अशी की सरकारी कार्यालय तुमचा फॉर्म तपासत नाही, फक्त घेतं. फी कमी आहे, कर्जदाराचं नावच नाही, पत्ता नाही, अशा मोजक्या कारणांवरून परत पाठवतं. नाव बरोबर आहे की नाही हे त्यांचं काम नाही. पण पुढे सगळी मदार नावावरच, कारण पूर्ण रजिस्टर कर्जदाराच्या नावाने लावलेलं असतं. कायदा म्हणतो, चूक असली तरी चालेल, पण बरोबर नावाने त्या कार्यालयाच्या ठरलेल्या पद्धतीने शोधल्यावर तुमची नोंद सापडली पाहिजे. नाही सापडली तर फॉर्म 'गंभीरपणे दिशाभूल करणारा', म्हणजे न भरल्यासारखाच. बहुतेक राज्यांच्या शोधात स्वल्पविराम, टिंब, मोकळ्या जागा, कंपनीचा प्रकार सांगणारं शेवटचं 'इन्क' किंवा 'एलएलसी' असलं काही मोजत नाहीत. एक 'एस' मात्र मोजतात.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो, कारण दर आठवड्याला याच दिसतात. एक, कंपनीचं नाव स्थापनेच्या मूळ कागदावरून घ्या, सगळ्या दुरुस्त्यांसकट. टॅक्सच्या पत्रावरून, चेकवरून किंवा दुकानाच्या पाटीवरून घेऊ नका. राज्याच्या वेबसाइटवर दिसणाऱ्या नावावरही विसंबू नका, तिथे कधी कधी छोटं करून टाकलेलं असतं. दुसरं, फायलिंग कुठे? कंपनी ज्या राज्यात स्थापन झाली तिथे. ऑफिस न्यू जर्सीत एडिसनला, गोदाम एडिसनला, मालक एडिसनचा, पण एलएलसी डेलावेअरची असेल तर फॉर्म डेलावेअरला जातो. आपल्या आयटी कन्सल्टिंगवाल्यांच्या निम्म्या कंपन्या अशाच.

प्रश्न विचारा. वकील नाही मी, पण खड्डे पाहिलेत.

पेठेतली_सई

छान धागा. मी पुण्यात बँकेत आहे, त्यामुळे वाचताना गंमत वाटली. आमच्याकडे घराची मूळ कागदपत्रं ठेवून कर्ज दिलं की दुय्यम निबंधकाकडे ३० दिवसांत सूचना द्यावी लागते, सातबारावर बोजा चढतो, सरसाईवर (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) नोंद होते. पण तिथे शोधताना गट नंबर, फ्लॅट नंबर हाताशी असतो. नावात गडबड झाली तरी जमीन जागची हलत नाही. तुमच्याकडे ओव्हनला गट नंबर कुठून आणणार!

ओकट्रीवाला

@सई, अगदी नेमकं बोललात. वस्तू हलते, म्हणून नोंद माणसाला चिकटवायची. जमिनीला कायमचं जोडलेलं असेल (मोठा बॉयलर वगैरे) तर 'फिक्स्चर फायलिंग' करतात, ते कौंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जमिनीच्या दप्तरात जातं. ते तुमच्या सातबाराच्या जवळचं.

डॅलसचा_सातारकर

माझी मात्र एलएलसी वगैरे नाही. ट्रकवर डोसे विकतो, धंदा स्वतःच्या नावावर. बँकेने यूसीसी केलं म्हणाले आणि ट्रकच्या टायटलवरही (मालकीच्या सरकारी कागदावर) त्यांचं नाव आहे. दोन्ही कशाला?

ओकट्रीवाला

बरोबर केलंय त्यांनी. ज्या गाडीला टायटल असतं तिचं तारण टायटलवर चढतं, ट्रकपुरता यूसीसी-१ कामाचा नाही. पण ट्रकमधला सुटा तवा, ग्राइंडर, फ्रीज, येणी हे यूसीसीमध्ये येतं.

आणि धंदा स्वतःच्या नावावर म्हणालात म्हणून विचारतो: फॉर्मवर कर्जदार म्हणून काय लिहिलंय? धंद्याचं नाव की तुमचं? पाटीवरचं नाव एकटं चालत नाही. फॉर्मच्या रकाना एक-अ मध्ये संस्था, एक-ब मध्ये व्यक्ती. तुम्ही एक-ब वाले.

डॅलसचा_सातारकर

बघून सांगतो. कागद बायकोकडे असतात.

झेलम_एनजे

व्यक्तीच्या नावाचं खरंच लिहा सविस्तर. मी पॅरालीगल (वकिलांच्या हाताखाली कागदपत्रं बघणारी) आहे, आपल्या लोकांच्या फाइली आल्या की डोकं धरते. पासपोर्टवर एक नाव, लायसन्सवर दुसरं, लग्नानंतर तिसरं, कर्जाच्या अर्जावर सही करताना चौथं.

ओकट्रीवाला

लिहितो, चहा घेऊन बसा.

२०१३ च्या जुलैपासून बहुतेक राज्यांनी नियम केला की व्यक्तीचं नाव म्हणजे त्या राज्याच्या मुदत न संपलेल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर असलेलं नाव. काही राज्यांत लायसन्सवरचं नाव हा एक सुरक्षित पर्याय, इतर खरी नावंही चालतात. पण कुठेही असा, लायसन्सप्रमाणे लिहिलंत तर झोप लागते. हा नियम येण्याआधी काय चालायचं त्याचा नमुना म्हणून कॅन्ससचा खटला सांगतात, २००४ चा. शेतकऱ्याचं खरं नाव टेरन्स, सगळे टेरी म्हणायचे, फॉर्मवरही टेरी लिहिलं. दिवाळखोरीत शेतीच्या यंत्रांवरचं तारण गेलं.

आता आपली भानगड. आपलं मधलं नाव म्हणजे बापाचं, नाहीतर नवऱ्याचं. भारतीय पासपोर्टवर रकाने दोनच: आडनाव आणि 'गिव्हन नेम'. दुसऱ्या रकान्यात आपलं आणि वडिलांचं नाव सलग छापलेलं असतं. इथे लायसन्स काढताना खिडकीवरची बाई ते दोन्ही मिळून 'पहिलं नाव' म्हणून टाकते, किंवा तोडून दुसरं 'मधलं' करते. तिचा मूड. यूसीसीच्या एक-ब ला मात्र आडनाव, पहिलं नाव, बाकीची नावं आणि ज्युनियर-सीनियर असे चार वेगळे रकाने. पहिल्या रकान्यात दोन शब्द टाकायचे की एक, यावर शोधात सापडणार की नाही ते ठरू शकतं.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा आहे, त्यांचं आणखी वेगळं. व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' येतं, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही', आणि तेच लायसन्सवर उतरतं. मी 'एफएनयू' हे पहिलं नाव म्हणून टाइप करून फॉर्म भरलाय. हसू येतं, पण लायसन्सवर तेच असेल तर तेच लिहायचं. एका सहकाऱ्याने ते 'चूक वाटली' म्हणून काढलं होतं. परत घालायला लावलं.

झेलम_एनजे

+१. आणि मुदत! एच-१बी वाल्यांचं लायसन्स व्हिसाच्या स्टेटसच्या तारखेपर्यंतच असतं. कर्जाच्या दिवशी मुदत संपलेलं लायसन्स पुढे केलं तर त्यावरून नाव घेता येत नाही, नूतनीकरण होऊन नवीन हातात येईपर्यंत थांबलेलं बरं.

दुसरं म्हणजे नागरिकत्व. शपथेच्या वेळी नाव बदलायची सोय असते, आणि आपले बरेच लोक त्या निमित्ताने वडिलांचं नाव गाळतात नाहीतर आडनाव सुटसुटीत करतात. मग लायसन्स बदलतं. जुन्या नावाचा फॉर्म नव्या नावाने शोधल्यावर सापडला नाही, तर आधीच्या तारणावर आणि बदलानंतर चार महिन्यांत आलेल्या वस्तूंवर तो चालतो. त्यानंतर आलेला माल, येणी यांवर चालत नाही, चार महिन्यांत दुरुस्ती भरली नसेल तर. दुकानदाराचा सगळा माल चार महिन्यांत फिरतो, म्हणजे तारण हळूहळू विरघळतं म्हणा ना.

ओकट्रीवाला

हे 'विरघळतं' फार चपखल. आणि बँकेला कळवणार कोण? शपथेच्या दिवशी माणूस झेंडा हातात घेऊन फोटो काढतो, कर्जसंस्थेला ईमेल करत नाही. आम्ही आता करारातच घालतो की नाव, पत्त्याचं राज्य किंवा लायसन्स बदललं तर आधी कळवा. राज्य बदललं तरीही चार महिनेच असतात, मग नव्या राज्यात फाइल करावं लागतं.

अटलांटाची_जाई

कुठे भरायचं यावर जरा भर. 'सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे' (म्हणजे त्या राज्याच्या सचिवाच्या कार्यालयात) हे सरसकट खरं नाही. आमच्या जॉर्जियात फॉर्म कौंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे जातो, कुठल्याही कौंटीत दिला तरी चालतो, निर्देशिका राज्याची एकच. लुइझियानातही पॅरिशच्या (तिथे कौंटीला पॅरिश म्हणतात) क्लार्ककडे. मेरीलँडमध्ये मालमत्ता मूल्यांकन आणि कराचं खातं बघतं.

ओकट्रीवाला

आणि आमच्या न्यू जर्सीत ट्रेझरीच्या महसूल विभागाकडे. नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच विचारतो आणि सगळे 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' म्हणतात. तेवढाच माझा करमणुकीचा कार्यक्रम.

बोस्टनभाऊ

एवढं काय, थोडं इकडेतिकडे झालं तर कोर्ट समजून घेत नाही का? 'बुलेव्हार्ड'चं 'बीएलव्हीडी' केलं तर कोण फसणार आहे?

ओकट्रीवाला

@बोस्टनभाऊ, मुद्दाम टाकलंत की योगायोग? नेमक्या याच शब्दावर फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे. कंपनीचं नाव '१९४४ बीच बुलेव्हार्ड, एलएलसी', बँकेने फॉर्मवर बुलेव्हार्डचं संक्षिप्त रूप लिहिलं. तेव्हा फ्लोरिडाच्या रजिस्टरमध्ये शोधलं की एका पानावर वीस नावांची यादी उघडायची आणि पुढेमागे पानं उलटत जाता यायचं. बँक म्हणाली, पानं उलटत गेलं तर आमचं नाव येतंच की. कोर्ट म्हणालं, असं अख्खं रजिस्टर पुढेमागे चाळत बसण्याला 'ठरलेली शोधपद्धत' म्हणत नाहीत. आणि शोधपद्धतच नसेल तर चूक माफ करणारी सवलतही नाही. म्हणजे त्या निकालाप्रमाणे तिथे नाव अक्षरशः बरोबर लागलं. कोर्ट समजून घेतं, पण कायद्याने जेवढं सांगितलंय तेवढंच.

बोस्टनभाऊ

योगायोग हो. मी इथल्या एका बुलेव्हार्डवर राहतो फक्त 😄

कोथरूड_टू_क्लीव्हलँड

आमच्या इथला किस्सा. मी एका उपकरणं भाड्याने देणाऱ्या फर्ममध्ये होतो. यूसीसी-१ पाच वर्षं चालतं, संपण्याआधी कंटिन्युएशन (मुदत वाढवणारा फॉर्म) भरायचं. १० मार्च २०१९ चं फायलिंग. आमच्या एका अतिउत्साही माणसाने 'उशीर नको' म्हणून ऑगस्ट २०२३ मध्येच भरून टाकलं. कार्यालयाने घेतलं, फीसुद्धा घेतली. कुणाला काही वाटलं नाही.

झेलम_एनजे

आई गं. सप्टेंबर उजाडायचा होता.

कोथरूड_टू_क्लीव्हलँड

हो ना. शेवटच्या सहा महिन्यांतच भरावं लागतं, म्हणजे १० सप्टेंबर २०२३ पासून पुढे. आधी भरलेलं बाद, कार्यालयाने घेतलं असलं तरी. आम्हाला जानेवारीत ऑडिटमध्ये सापडलं म्हणून वाचलो, पुन्हा भरलं. मार्च उलटला असता तर आमच्यामागे रांगेत असलेले पुढे गेले असते, आणि आम्ही कधी नोंद केलीच नव्हती असं धरलं गेलं असतं.

तेव्हापासून कॅलेंडरमध्ये दोन तारखा टाकतो: खिडकी उघडते ती आणि बंद होते ती. एकच टाकली की माणूस घाई तरी करतो नाहीतर विसरतो तरी.

मेथीलाडू

कर्जदाराच्या बाजूने एक विचारू? मी किराणा दुकानासाठी घेतलेलं कर्ज दोन वर्षांपूर्वी फेडलं. आता दुकान विकायचंय तर खरेदीदाराचा वकील म्हणतो, तुमच्या सगळ्या मालमत्तेवर अजून दोन यूसीसी दिसतात. एक जुन्या बँकेचं. दुसऱ्यावर कर्ज देणाऱ्याचं नावच नाही, 'प्रतिनिधी म्हणून' एक भलतीच कंपनी आहे. मी हिला ओळखतही नाही!

ओकट्रीवाला

@मेथीलाडू, पहिलं सोपं आहे. कर्ज फिटलं म्हणून नोंद आपोआप जात नाही. बँकेला लेखी, सहीनिशी मागणी पाठवा की टर्मिनेशन (नोंद संपवणारा फॉर्म) भरा. धंद्याच्या तारणाला मागणी मिळाल्यापासून २० दिवस मुदत असते. नाही भरलं तर ५०० डॉलर आणि झालेलं नुकसान मागता येतं, शिवाय तुम्ही स्वतः टर्मिनेशन भरू शकता, त्यावर 'कर्जदाराच्या अधिकाराने' असं लिहावं लागतं. फोनवर मागितलेलं मोजलं जात नाही, पत्र पाठवा.

दुसऱ्याचं: मध्ये कधी रोजच्या विक्रीवर कापून घेणारं झटपट कर्ज घेतलं होतं का? ते देणारे बऱ्याचदा स्वतःचं नाव न घालता फायलिंग सेवा देणाऱ्या कंपनीला 'प्रतिनिधी' म्हणून पुढे करतात. कायद्याला ते चालतं. तुम्हाला शोधून काढायची डोकेदुखी. फॉर्मवरच्या प्रतिनिधीला फायलिंग नंबर देऊन लिहा, आणि जुनी बँक स्टेटमेंटं काढून रोज पैसे कोण कापत होतं ते बघा.

मेथीलाडू

घेतलं होतं 🙈 कोविडमध्ये, चार महिन्यांचं. ते गृहीत धरलं होतं की संपलं.

झेलम_एनजे

टर्मिनेशनचा विषय निघालाच आहे तर जनरल मोटर्सची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००८ च्या ऑक्टोबरात जीएम एक साधारण ३० कोटी डॉलरचं भाडेपट्ट्याचं कर्ज फेडत होती. त्याशी जोडलेली फायलिंग्ज शोधताना यादीत तीन आली. तिसरं भलत्याच कर्जाचं होतं, १५० कोटी डॉलरच्या. मसुदे दोन्ही बाजूंच्या वकिलांकडे फिरले, कर्ज देणाऱ्या जेपी मॉर्गन बँकेकडेही गेले. कुणी नंबर ताडून पाहिला नाही. तिन्ही रद्द झाली. पुढच्या जूनमध्ये जीएम दिवाळखोरीत गेली तेव्हा उघडकीला आलं. बँक म्हणाली, आमचा तसा हेतूच नव्हता. २०१५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, हेतू नको, हा कागद भरायला तुम्ही परवानगी दिलीत ना? मग झालं.

मी तेव्हापासून टर्मिनेशन भरताना मूळ यूसीसी-१ छापून शेजारी ठेवते. नंबर, तारीख, कोणत्या कर्जाचा. बोट ठेवून, मोठ्याने वाचते. शेजारच्या टेबलावरचे हसतात, हसू देत.

अटलांटाची_जाई

तारणाच्या वर्णनाचंही सांगा ना कोणी. यूसीसीत 'सर्व मालमत्ता' लिहिलेलं चालतं असं ऐकलं.

ओकट्रीवाला

फॉर्मवर चालतं, करारात नाही. करारात 'सगळी उपकरणं, सगळा माल, सगळी येणी' असे प्रकार तरी लिहावे लागतात. लोक फॉर्मवरून उचलून करारात 'सर्व मालमत्ता' चिकटवतात आणि फसतात. उलटं, एकाच ओव्हनवर कर्ज दिलं असताना फॉर्मवर 'सर्व मालमत्ता' टाकणंही वाईट, कर्जदाराने तेवढी परवानगीच दिलेली नसते.

बाकी माझी रीत: कर्जाचे पैसे सोडायच्या आधीच, कर्जदाराची लेखी परवानगी घेऊन, यूसीसी-१ भरून टाकतो. कायद्याला ते मान्य आहे. मग निर्देशिका अद्ययावत होईपर्यंत थांबतो आणि बरोबर नावाने स्वतःच शोध घेतो. आपलं फायलिंग त्यात दिसलं की मगच पैसे. 'सर्व्हिस'च्या वेळी हे केलं असतं तर मॅनेजरबाईंचं पेन खिशातच राहिलं असतं.

डॅलसचा_सातारकर

आलो. बायकोने कागद काढले. फॉर्मवर एक-ब मध्ये माझं पहिलं नाव, मग वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, मग आडनाव. लायसन्सवर 'दोन' आकड्यासमोर माझं आणि वडिलांचं पूर्ण नाव एका ओळीत आहे. यातलं पहिलं कुठे संपतं ते कसं कळायचं?

ओकट्रीवाला

पुढून नाही कळत. मागच्या बाजूला बारकोड आहे ना, त्यात पहिलं आणि मधलं नाव वेगवेगळं साठवलेलं असतं. बँकेकडे स्कॅनर असेल. त्यांना ईमेल करा, फोन नको, आणि लायसन्सच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडा. दुरुस्ती तेच भरतील, त्यांच्याच फायद्याची आहे.

डॅलसचा_सातारकर

म्हणजे चूक त्यांची, तारण त्यांचं, आणि कळवायचं मी?

झेलम_एनजे

डोसा पाठवा एक सोबत.